साडेचार हजार कोंबड्या आणि एक माणूस: जिवंत कोंबड्यांचा रेल्वे डबा सिम्युलेटरमध्ये उभारताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या चार जणांच्या गटाचे आहे. चौघेही नोकरी सांभाळून रात्री रेल्वे सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर गाडी चालवायच्या सॉफ्टवेअरसाठी, डबे आणि फेऱ्या बनवतो. दोघे पुण्यात, एक मिरजेत आणि चौथे बरीच वर्षे न्यू जर्सीत. ते वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचे दादा. माझ्याकडे इतिहास शोधणे आणि फेरी आखणे ही कामे होती. नावे कोणाचीच देत नाही. मॉडेल करणारा तो मॉडेलकार, आवाज पाहणारा तो ध्वनीवाला, एवढ्यावर भागेल.

आम्ही काम करतो ते ओपन रेल्सवर. मायक्रोसॉफ्टने २००१ साली आणलेल्या ट्रेन सिम्युलेटरच्या फाइली हे सॉफ्टवेअर वाचते, फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. आमच्याकडे न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचा एक मार्ग तयार होता: ऑल्बनीजवळचे सेल्कर्क यार्ड, तिथून १९२४ साली खुल्या झालेल्या कॅसलटनच्या पुलावरून हडसन नदी ओलांडायची आणि मग पूर्वेच्या काठाकाठाने खाली मॅनहॅटनपर्यंत. मार्ग सुरेख होता, पण त्यावर धावणारी मालगाडी कुठल्याही मालगाडीसारखी होती. बंद डबे, कोळशाचे डबे, मागे गार्डचा डबा. या मार्गाची ओळख सांगणारा एखादा डबा हवा, असे ठरले आणि दादांनी जिवंत कोंबड्यांच्या डब्याचे नाव काढले.

आपल्याकडे असा डबा कोणी पाहिलेला नसणार, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १८८४ साली ईरी रेल्वेचा मालवाहतूक एजंट विल्यम जेंकिन्स आणि इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचा कोंबड्यांचा व्यापारी जेम्स स्ट्रीटर यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. त्याचे पेटंट त्याच वर्षी स्ट्रीटरच्या नावे निघाले. त्याआधी कोंबड्या लाकडी पिंजऱ्यांत भरून साध्या डब्यात रचत. खालच्या पिंजऱ्यांना हवा नाही, पाणी नाही, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत त्यातल्या बऱ्याच मेलेल्या. नव्या डब्यात खुराडी डब्यातच पक्की बांधलेली असत. लांबीने तो त्या काळच्या इतर मालडब्यांसारखाच, पण दोन्ही बाजूंना भिंतीऐवजी जाळी. आत एकावर एक खणांचे मजले, जाण्यायेण्याला मधून वाट, दाणापाण्याची सोय, आणि डब्याच्या बरोबर मध्यावर एक लहानशी खोली. त्या खोलीत कोंबड्यांबरोबर प्रवास करणारा माणूस राही. लाइव्ह पोल्ट्री ट्रान्स्पोर्टेशन कंपनी आणि पुढे पॅलेस पोल्ट्री कार कंपनी या खाजगी कंपन्या असे डबे बाळगून रेल्वेमार्गांवर चालवत.

एवढा खटाटोप कशासाठी? न्यूयॉर्कसाठी. त्या शहरातल्या मोठ्या ज्यू वस्तीला धर्माच्या नियमाप्रमाणे, अधिकारी माणसाने कापलेलीच कोंबडी लागे, म्हणजे ती शहरात जिवंतच पोचायला हवी. बाजारातून समोर कापून घेतलेली कोंबडी आणणाऱ्या मराठी घरांना हे वेगळे समजावायला नको. १९३५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेक्टर पोल्ट्री कंपनीच्या गाजलेल्या खटल्यात निकाल दिला, त्यात या व्यापाराचे आकडे आहेत. न्यूयॉर्क ही देशातली जिवंत कोंबड्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ. तिथे विकला जाणारा ९६ टक्के माल बाहेरच्या राज्यांतून येई. त्यातला तीन चतुर्थांश रेल्वेने. आणि रेल्वेने येणाऱ्यातलाही सुमारे ७५ टक्के न्यूयॉर्क सेंट्रलच्या मॅनहॅटनमधल्या टर्मिनलवर उतरे. उरलेला न्यू जर्सीतल्या चार टर्मिनलांवर. हे वाचल्यावर मार्गाबद्दल शंका उरली नाही. आमचाच मार्ग तो. फेरीसाठी काळ ठरवला १९२६ चा सप्टेंबर, ज्यू सणांच्या आधीचे दिवस, म्हणजे मागणी सर्वांत चढी.

अडचण

पहिला डबा सहा आठवड्यांत तयार झाला आणि चाचणीत तीन गोष्टी एकदम बिनसल्या. डबा कॅमेऱ्यासमोर आला की पडद्यावर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या ६० वरून पंधरा-सोळावर येई. लांबून पाहिले तर जाळी लुकलुकत राही, डोळ्यांना त्रास होईल इतकी. आणि असे सहा डबे जोडलेली गाडी चढावर इतकी रेंगाळे की त्यामानाने कोळशाची गाडी बरी म्हणावी.

चौथी अडचण आम्हाला दिसलीच नव्हती. ती दादांनी दाखवली, तिच्याकडे पुढे येतो.

जाळीचा निर्णय

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी तारेतारेने मॉडेल करणे शक्यच नव्हते. ती चित्रातच दाखवायची, म्हणजे तारा दिसतील आणि भोके पारदर्शक राहतील. इथे दोन वाटा होत्या. एका पद्धतीत चित्राचा प्रत्येक ठिपका पूर्ण दिसतो किंवा पूर्ण गायब होतो. ही हलकी असते आणि पुढचे-मागचे यांचा क्रम चुकत नाही, पण अंतर वाढले की तारा तुटक होतात आणि लुकलुकतात. दुसऱ्या पद्धतीत ठिपका अर्धवट पारदर्शकही असू शकतो. ती लांबून मऊ दिसते, पण एकामागे एक पारदर्शक थर आले की कोणता आधी काढायचा यात सिम्युलेटर गोंधळतो. आमच्या डब्यात तर थरच थर: जवळची जाळी, कोंबड्या, मधली वाट, पलीकडच्या कोंबड्या, पलीकडची जाळी, आणि त्यातून दिसणारी हडसन नदी.

मॉडेलकाराने दुसरी वाट धरली होती, कारण जवळून ती फार देखणी दिसे. फ्रेम तिथेच खर्ची पडत होत्या आणि मधूनच पलीकडची जाळी अलीकडे दिसे. दोन आठवडे तो तीच दुरुस्त करत बसला. शेवटी अंतरानुसार तीन वेगळी मॉडेले करायची असे ठरले. अगदी जवळ पहिली पद्धत, जिथे लुकलुक होत नाही. मधल्या अंतरावर फक्त बाहेरचा एकच थर अर्धपारदर्शक, आतले सगळे भरीव. आणि लांबून जाळी नाहीच, करड्या-तपकिरी रंगाची आडव्या पट्ट्यांची भिंत. तिसऱ्या मॉडेलवर मी हरकत घेतली होती. डब्याच्या आरपार आकाश दिसणे हीच त्याची खूण, ती गेली तर काय राहिले, असे माझे म्हणणे. मग मॉडेलकाराने मला लांबून जाणारी गाडी दोन्ही प्रकारे दाखवली. दोनशे मीटरवरून, भरलेल्या डब्याच्या आरपार काही दिसणारच नाही. आत साडेचार हजार कोंबड्या आहेत. त्याचे बरोबर होते. रिकाम्या डब्याला मात्र आरपार दिसायला हवे, म्हणून रिकाम्यासाठी वेगळे लांबचे मॉडेल केले.

कोंबड्यांचा निर्णय

हिशेब असा मांडला: आठ मजले, प्रत्येक मजल्यावर एका बाजूला आठ खण, दोन बाजू, म्हणजे १२८ खण. एका खणात ३५ कोंबड्या धरल्या तर ४,४८०. संगणकावरचे मॉडेल त्रिकोणांचे बनते; एकेक कोंबडी अगदी साठ त्रिकोणांत बसवली तरी एका डब्याला पावणेतीन लाखांच्या घरात त्रिकोण, तेही फक्त कोंबड्यांचे. म्हणून प्रत्येक खणात कोंबड्यांच्या चित्राची उभी पट्टी, सहा वेगवेगळ्या पट्ट्या आलटून पालटून. डब्याच्या टोकांचे आणि मधल्या खोलीशेजारचे खण तेवढे खऱ्या, घडवलेल्या कोंबड्यांचे, कारण कॅमेरा तिथेच जवळ जातो.

खरी चूक रंगात झाली, आणि ती माझी. मॉडेलकाराने संदर्भ मागितला तेव्हा मी त्याला हाताशी असलेली छायाचित्रे दिली: आजच्या पोल्ट्रीतल्या पांढऱ्या ब्रॉयलर. डबा भरल्यावर एखाद्या गोदामात कापूस भरावा तसा दिसला. १९२६ साली ती पांढरी, भरीव छातीची, सहा-सात आठवड्यांत विक्रीला येणारी कोंबडी अस्तित्वातच नव्हती. मांसासाठी वेगळ्या कोंबड्या पाळण्याची सुरुवात डेलावेअरमध्ये १९२३ च्या सुमारास नुकतीच झाली होती. मध्य-पश्चिमेतून रेल्वेत चढत त्या शेतकऱ्यांच्या अंगणातल्या कोंबड्या: अंडी देणे थांबलेल्या जून माद्या, नको असलेले तरणे कोंबडे. प्लिमथ रॉकच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, ऱ्होड आयलंड रेडचा तांबूस रंग, पांढऱ्या लेगहॉर्न, आणि बऱ्याच मिश्र जातीच्या. एका खणात सगळे रंग. पट्ट्या नव्याने रंगवल्या आणि डबा एकदम जिवंत झाला. एवढा फरक एखाद्या दिवसाच्या कामाने पडेल असे वाटले नव्हते.

आवाजाचेही असेच झाले. ध्वनीवाल्याने मिरजेजवळच्या एका लेअर पोल्ट्रीत भर दुपारी आवाज टिपला. पत्र्याच्या शेडचा घुमारा आणि हजारो कोंबड्यांचा एकसुरी कलकलाट. उघड्या जाळीच्या, चालत्या डब्याचा आवाज तो नव्हे. मग मी आजऱ्याला मावशीकडे गेलो असताना संध्याकाळी कोंबड्या कोंडायच्या वेळी फोन खुराड्याला टेकवून ठेवला. शेवटची तलंग आत जाते, मावशी फळी लावते, आणि आतून दबका कुर्र कुर्र असा सूर येत राहतो. मधेच कोणी कोणाला टोचते, एक चीत्कार, पंखांची फडफड, पुन्हा तोच सूर. हाच आवाज आम्ही डब्याला दिला. गाडी चालू असताना चाकांच्या आवाजात तो जवळजवळ बुडतो. गाडी थांबली की हळूहळू वर येतो. माझ्या मते आमच्या सगळ्या कामात उत्तम साधलेली गोष्ट ती.

वजन

हे पटकन सांगण्यासारखे. डब्याची फाइल बनवताना साध्या बंद डब्याची फाइल नकलून घेतली होती आणि त्यातला ३६ टनांचा भार तसाच राहिला. कोंबडी सरासरी चार पौंडांची धरली तर साडेचार हजार कोंबड्यांचे वजन १८,००० पौंड, म्हणजे आठ टनांहून थोडे जास्त. दाणा आणि पाणी मिळून दोन टन धरले, रिकाम्या डब्याचे वीस. बेरीज तीस टन, आणि आमची गाडी ओढत होती छप्पन्न. सहा डब्यांमागे दीडशे टनांहून जास्त फरक. हा डबा दिसायला गच्च असला तरी आत निम्मी हवाच असते. आकडा दुरुस्त केल्यावर चढावरची तक्रार त्याच रात्री मिटली. नकललेल्या फाइलीतला प्रत्येक आकडा हाताने तपासायचा, हा नियम गटात तेव्हापासून आहे.

माणसाचा निर्णय

जाळी, कोंबड्या, वजन सगळे जागेवर आल्यावर दादांना डबा दाखवला. ते स्क्रीनवर बराच वेळ तो फिरवून पाहत राहिले. मग म्हणाले, "अरे, छान झालंय. पण यात तो माणूस झोपतो कुठे?"

मॉडेलकार म्हणाला, "दादा, मधे दरवाजा आहे की."

"दरवाजाच्या आत काय आहे?"

आत काळा रंग होता.

दादांनी मग त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. ती आठवडी बाजाराला डालग्यात पाच-सहा कोंबड्या घेऊन एसटीने जायची. बसायला जागा मिळो न मिळो, डालगे सावलीत ठेवायची आणि प्रत्येक थांब्यावर वाटीने पाणी दाखवायची. "पाच कोंबड्यांना तासाभराच्या रस्त्यात एवढं करावं लागतं. इथे साडेचार हजार आहेत आणि कित्येक दिवसांचा प्रवास. त्या माणसाशिवाय हा डबा चालूच शकत नाही."

आता तीन पर्याय होते. डबा आहे तसा प्रसिद्ध करायचा आणि खोली पुढच्या आवृत्तीत. किंवा खोली आणि माणूस नुसते दिसायला घालायचे. किंवा माणसाचे काम फेरीतच आणायचे, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला त्याच्यासाठी थांबावे लागेल. मॉडेलकार थकला होता आणि त्याला पहिला पर्याय हवा होता; त्याचे म्हणणे रास्त होते, काम चार महिने चालले होते. मी दुसऱ्याच्या बाजूने होतो. दादा तिसऱ्यावर ठाम. तीन संध्याकाळी वाद झाला. शेवटी सहा आठवड्यांची मुदत घालून तिसरा पर्याय घेतला.

खोली आम्ही अशी घडवली: एका भिंतीला अरुंद बाक, त्यावर घोंगडी, शेगडी आणि छतातून वर गेलेला तिचा धुराडा, पाण्याची टाकी, खिळ्याला कंदील, कोपऱ्यात मक्याची पोती. दार अर्धे उघडे आणि उंबऱ्याशी बसलेला माणूस, बाह्या दुमडलेल्या, मांडीवर पत्र्याचा मग. सिम्युलेटरमधला माणूस हलत नाही, पण कंदील रात्री लागतो आणि हडसनच्या काठाने अंधारात गाडी जाताना सहा डब्यांत सहा पिवळे ठिपके दिसतात.

फेरीत बदल असे केले. सेल्कर्कला कोंबड्यांचे डबे गाडीत शेवटी जोडायचे, म्हणजे पुढचे शंटिंग त्यांच्या वाट्याला कमी येईल. जोडणी सावकाश; वेग जास्त झाला तर सिम्युलेटर शेवटच्या अहवालात ती नोंद करतो. वाटेत एका ठिकाणी पाण्यासाठी थांबा, तिथे पडद्यावर सूचना येते की टाक्या भरून होईपर्यंत गाडी हलवू नका. काही मिनिटे नुसते थांबायचे, आणि तेव्हाच तो कुर्र कुर्र सूर ऐकू येतो.

फेरी संपते कुठे, यावरही चर्चा झाली. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला तेव्हा मालगाड्या भर रस्त्यातून जात आणि लोकांना सावध करायला पुढे घोडेस्वार चाले. ते दृश्य सगळ्यांनाच हवे होते. पण आमचा मार्ग साठाव्या रस्त्याच्या यार्डापर्यंतच आहे. तिथेच डबे वेगळे करून फेरी संपवली. शेक्टर खटल्यात न्यायालयानेही म्हटले होते की कोंबड्या न्यूयॉर्कात येऊन विसावल्या की राज्याराज्यांतला व्यापार तिथे संपला, पुढचे सगळे स्थानिक. आमच्या फेरीलाही तीच हद्द योग्य वाटली.

परिणाम

डबा आणि फेरी प्रसिद्ध झाली. जुन्या संगणकांवरही आता ती अडखळत नाही. सहा डब्यांची गाडी वेळापत्रकात बसते. सर्वांत जास्त पत्रे आली ती पाण्याच्या थांब्याबद्दल. काहींना तो कंटाळवाणा वाटला आणि वगळायची सोय मागितली. आम्ही थांब्याविना वेगळी छोटी फेरी करून दिली, मूळ तशीच ठेवली. एका वापरणाऱ्याने लिहिले की तो थांब्यावर दर वेळी कॅमेरा खोलीच्या दाराशी नेतो आणि पाणी भरून होईपर्यंत तिथेच ठेवतो.

एक उणीव मात्र लवकरच लक्षात आली, आणि ती लहान नाही. आमचे रिकामे डबे यार्डातून थेट परत पश्चिमेला निघतात, चकचकीत. १९२४-२५ मध्ये न्यूयॉर्कच्या जिवंत कोंबड्यांच्या बाजारातून फाउल प्लेग पसरला होता, ज्याला आज आपण बर्ड फ्लू म्हणतो. खुराडी आणि रेल्वे डबे यांतून रोग फिरत असल्याने डबे धुऊन जंतुनाशक मारणे हा तो आटोक्यात आणण्याचा महत्त्वाचा भाग होता. आमची फेरी त्याच्या पुढच्याच वर्षातली. म्हणजे रिकामा डबा धुण्याच्या रुळावर जायलाच हवा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हाच्या बातम्या आम्ही चौघांनी पाहिल्या होत्या: पांढरे पोशाख, फवारणीचे पंप, ओस पडलेल्या शेड. तरीही हे सुचले नाही.

आज पुन्हा केले तर

सुरुवात जाळीपासून करणार नाही. आधी कागदावर डब्याचा एक प्रवास लिहून काढू: कुठे भरला, कोणी भरला, किती दिवस, पाणी कुठे, कोण बरोबर, कुठे रिकामा झाला, कुठे धुतला. हे आधी झाले असते तर खोली पहिल्या दिवसापासून मॉडेलमध्ये असती आणि शेवटी सहा आठवडे वाढले नसते.

संदर्भाची छायाचित्रे देताना काळ तपासून देईन. इंजिन आणि डब्यांच्या बाबतीत आम्ही एकेका बोल्टाचे साल पाहतो. जनावरांच्या जातीलाही साल असते हे ध्यानात घ्यायला हवे होते.

मॉडेलकाराशी झालेल्या वादात मुदत आधी ठरवायला हवी होती. तो चार महिने एकटा सर्वांत जड काम ओढत होता आणि आम्ही शेवटच्या क्षणी त्याच्यासमोर नवे काम ठेवले. ते काम योग्य होते, पण वेळ चुकीची होती, आणि तसे मी त्याला नंतर सांगितले.

सध्या तो रिकाम्या डब्याचे दुसरे टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचे चित्र, करतोय: ओल्या फळ्या, चुन्याचे पांढरे ओघळ, जाळीत अडकलेली चार पिसे. धुण्याचा रूळ साठाव्या रस्त्याच्या यार्डात कुठे बसवायचा यावर दादांचा नकाशा परवाच आला आहे.